सांध्याची राखण: घरातील विजेची पेटी आणि तिच्यातील जोडण्या

पेटीतील सांधे

घरातील विजेच्या पेटीला वायरमन डीबी म्हणतात. मीटर ओलांडून आलेली फेज आणि न्यूट्रलची जोडी प्रथम मेन स्विचचे काम करणाऱ्या आयसोलेटरमध्ये शिरते आणि तेथून गळती ओळखणाऱ्या आरसीसीबीत जाते. पुढे फेज तांब्याच्या बसबारवरून एकेका एमसीबीला, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या खटक्याला, मिळते. न्यूट्रल पितळी लिंकवर येऊन तेथून प्रत्येक परिपथाला जाते. हिरव्या अर्थ वायरसाठी वेगळी लिंक असते. सदनिकेत दिवे-पंखे, प्लग, गिझर, एसी असे मिळून आठ परिपथ धरले, तर आयसोलेटरचे चार, आरसीसीबीचे चार, आठ एमसीबींचे सोळा, न्यूट्रल लिंकवरचे नऊ आणि अर्थ लिंकवरचे नऊ, असे ४२ सांधे वहीएवढ्या जागेत दाटीने बसलेले असतात.

भिंतीतल्या नळीत पडून असलेली चांगली वायर वर्षानुवर्षे टिकते. तिला कोणी हलवत नाही आणि तिच्या तांब्याला हवा लागत नाही. सांध्यापाशी मात्र आवरण काढलेले असते, तांबे उघडे असते, दोन धातू एकमेकांवर टेकलेले असतात आणि त्यांना एकत्र धरणारा दाब एका लहानशा स्क्रूवर अवलंबून असतो. म्हणून पेटीची सुरक्षितता पाहताना एमसीबी कोणत्या कंपनीचे आहेत यापेक्षा त्यांच्या तोंडात वायर कशी धरली आहे, हे आधी पाहावे लागते.

सैल सांध्याचे गणित

तारेतून प्रवाह वाहताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. हा नियम जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडला. सैल सांध्याची सगळी कथा या नियमात आहे.

३००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ ॲम्पिअर प्रवाह घेतो. त्याच्या एमसीबीचा सांधा घट्ट असेल तर तेथील रोध एक सहस्रांश ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. १३ चा वर्ग १६९. त्याला एक सहस्रांशाने गुणले की ०.१७ वॅट येतात. एवढी उष्णता जाणवतही नाही. तोच सांधा सैल होऊन रोध ०.२ ओहम झाला, तर तेथे सुमारे ३३ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर असणारे सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचे असते आणि त्याच्या टोकावर कथील पाण्यासारखे वितळते. त्याहून अधिक उष्णता इथे तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या पेटीत कोंडलेली असते. घरगुती वायरच्या साध्या पीव्हीसी आवरणाची कायम तापमानाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे.

एवढे होऊनही गिझरच्या कामात फरक पडत नाही. सैल सांध्यावर जेमतेम अडीच व्होल्ट खर्ची पडतात, पाणी नेहमीसारखे तापते, आणि पेटीच्या झाकणामागे काय चालले आहे याचा घरात कोणाला पत्ता लागत नाही.

पेटीतील पहारेकरी काय पाहतात

एमसीबीत दोन यंत्रणा असतात. दोन धातूंची एक पट्टी जादा प्रवाहाने तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट सर्किटच्या वेळी एक लहान विद्युतचुंबक तोच खटका क्षणात ओढतो. १६ ॲम्पिअरचा, ‘सी’ प्रकारचा एमसीबी त्याच्या अंकाच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० ॲम्पिअर प्रवाहाला तत्काळ पडतो. १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ ॲम्पिअरला मात्र तो एक तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. आरसीसीबीचे काम निराळे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तो तुलना करतो. घरात माणसांच्या रक्षणासाठी बसवलेला आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरची गळती झाली की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो.

सैल सांध्यात यांपैकी काहीच घडत नाही. सांधा गिझरच्या मार्गातच, एकसरीत असतो. त्याचा रोध वाढला की प्रवाह वाढण्याऐवजी किंचित घटतो. वरच्या उदाहरणात तो १३.० वरून १२.९ ॲम्पिअरवर येतो. म्हणून एमसीबीच्या चुंबकाला काही कळत नाही. जेवढा प्रवाह गेला तेवढा परत येतो, म्हणून आरसीसीबीही स्वस्थ राहतो. दोघेही प्रवाहावर नजर ठेवतात आणि सांधा त्यांच्या नजरेबाहेर राहतो.

याला एक अपवाद आहे आणि नेमका त्याचाच गैरसमज होतो. सैल सांधा एमसीबीच्या स्वतःच्या टर्मिनलवर असेल, तर तेथील उष्णता तांब्यातून आत शिरते, पट्टी तापते आणि एमसीबी भार कमी असतानाही पडू लागतो. ‘एमसीबी कमी क्षमतेचा पडतोय’ असे ठरवून १६ च्या जागी ३२ ॲम्पिअरचा बसवला जातो. पडणे थांबते, सांधा मात्र तसाच जळत राहतो. धोक्याची एकच खूण होती, तीही अशाने मिटते. शिवाय जुन्या वायरला आता तिच्या क्षमतेच्या पलीकडला प्रवाह कोणी अडवत नाही. जुन्या चाळींत किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार पिळून बसवण्याची जी रीत होती, तिचीच ही नवी आवृत्ती.

ठिणग्या ओळखणारी वेगळी उपकरणे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १९९९ च्या आवृत्तीत शयनगृहांच्या परिपथांसाठी त्यांची तरतूद केली आणि ती २००२ पासून बंधनकारक झाली. भारतीय घरांत ती क्वचितच दिसतात. सांधा ठिणगी न पाडता नुसता तापत असेल, तर त्यांनाही तो सहज सापडत नाही. ब्रिटनमध्ये लंडनच्या अग्निशमन दलाला प्लास्टिकच्या पेट्यांना लागलेल्या आगी वाढत्या प्रमाणात आढळल्या, आणि सैल जोडण्या हे त्यांचे एक प्रमुख कारण मानले गेले. त्यामुळे १ जानेवारी २०१६ पासून तेथे घरांत नव्याने बसणारी पेटी न जळणाऱ्या पदार्थाची, व्यवहारात पोलादी, असावी लागते. पत्र्याची पेटी आग आतच कोंडून ठेवते. सांधा तापू नये याची तजवीज मात्र तो बांधतानाच करावी लागते.

सांधा का सुटतो

संध्याकाळी एसी सुरू होतो, तार तापून फुगते. मध्यरात्री कॉम्प्रेसर थांबतो, ती निवून आकसते. वर्षात असे हजारो फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात स्क्रूखालचा दाब कणाकणाने कमी होतो. बारीक पदरांची वायर दाबाखाली हळूहळू पसरते आणि जागा करून घेते. संपर्क कमी झाला की तापमान वाढते, त्यामुळे तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, थरामुळे रोध वाढतो आणि तापमान आणखी चढते. या टप्प्यावर सांधा स्वतःच स्वतःला बिघडवत जातो. पुढच्या अवस्थेत संपर्काच्या जागी तांब्याच्या ऑक्साइडचा लालबुंद ठिपका तयार होतो. या ऑक्साइडचा रोध तापल्यावर घटतो, त्यामुळे प्रवाह त्याच ठिपक्यातून जात राहतो. त्याचे तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाऊ शकते, तरी घरातला दिवा जळतच असतो.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यात खाऱ्या हवेची भर पडते. पावसाळ्यात भिंत ओल धरते, पेटीतल्या पितळी लिंकवर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात. उघड्या भोकांतून मुंग्या आणि पाली आत येतात. म्हणून पेटीच्या ज्या भोकांतून वायर येत नाही ती बुजवलेली असावीत, आणि पेटी मोरीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर नसावी.

धातू बदलला की प्रश्न अधिक बिकट होतो. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस केबल पुष्कळदा ॲल्युमिनिअमची असते, आणि जुन्या इमारतींच्या आतही ॲल्युमिनिअमच्या वायर सापडतात. ॲल्युमिनिअमचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट आहे. उष्णतेने ते तांब्याहून जास्त फुगते, दाबाखाली जास्त सरकते आणि हवा लागताच त्यावर चढणारे ऑक्साइड वीज वाहू देत नाही. अमेरिकेत तांब्याचे भाव चढल्यामुळे १९६५ नंतर काही वर्षे घरांत ॲल्युमिनिअमची वायर वापरली गेली. पुढे तेथील ग्राहक सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत, १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनिअमने वायरिंग केलेल्या घरांत एखादी तरी जोडणी आगीच्या धोक्याला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट आढळली. विजेचा दाब तोच; फरक पडला तो तारेच्या टोकाशी. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकत्र पिळून वर टेप गुंडाळणे म्हणूनच सर्वथा वर्ज्य आहे. दोन्ही धातूंसाठी बनवलेली बायमेटॅलिक थिंबल वापरावी लागते आणि ॲल्युमिनिअमचे टोक घासून त्यावर ऑक्साइडरोधक लेप लावावा लागतो.

सांधा कसा बांधावा

पहिली पायरी म्हणजे योग्य जाडीची वायर. प्रचलित पद्धतीत दिव्यांना १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर, प्लगना २.५, गिझर व एसीला ४ आणि मीटरकडून येणाऱ्या मुख्य वायरीला भारानुसार ६, १० किंवा त्याहून जाड तांबे वापरतात. वायरवर आयएस ६९४ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असावा. एमसीबी वायरीला सांभाळण्यासाठी असतो, म्हणून त्याचा अंक वायरीच्या क्षमतेहून मोठा असता कामा नये.

आवरण स्ट्रिपरने काढावे. दाताने किंवा ब्लेडने काढताना तांब्याचे काही पदर कापले जातात, आणि तीन-चार पदर गेले तरी नेमक्या त्याच जागी वायर बारीक होते. किती तांबे उघडे करायचे हे एमसीबीच्या अंगावर किंवा माहितीपत्रकात दिलेले असते. बहुधा ते १० ते १४ मिलिमीटर असते. उघडे तांबे पूर्ण आत जावे, बाहेर दिसू नये, आणि आवरण मात्र क्लँपखाली सापडू नये. आवरण सापडले की स्क्रू प्लास्टिकवर आवळला जातो आणि हाताला घट्ट लागलेला सांधा विजेच्या दृष्टीने सैलच राहतो.

हल्ली मिळणारी बहुपदरी मऊ वायर टर्मिनलमध्ये विस्कटते. तिच्या टोकावर मापाची पिन थिंबल चढवून क्रिंपिंग पक्कडीने दाबावी. टोकाला कथील लावून ते कडक करण्याची रीत चुकीची आहे. दाबाखाली कथील हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप सैल पडतो.

एमसीबीच्या तोंडात पाहिले तर एक धातूची चौकट दिसते. स्क्रू फिरवला की ती वर सरकते आणि वायरीला वरच्या पट्टीवर दाबते. स्क्रू पुरता उघडलेला नसेल तर चौकट अर्ध्यावरच असते आणि घाईत वायर तिच्या आत न जाता मागच्या फटीत शिरते. स्क्रू आवळला जातो, चौकट बंद होते, पण तिच्यात वायर नसते. बाहेरून सगळे जागच्या जागी दिसते. म्हणून प्रत्येक वायर आवळल्यावर ती धरून ओढून पाहावी. सुटली तर तिथेच कळते.

आवळण्यालाही माप आहे. घरगुती एमसीबीसाठी उत्पादक बहुधा २ ते २.५ न्यूटन-मीटरचा आकडा देतात. २० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले तर सुमारे २ न्यूटन-मीटर पीळ बसतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर या आकड्यावर ‘कट’ करून थांबतो. केवळ मनगटाच्या अंदाजावर निम्मे सांधे सैल आणि उरलेले जास्त आवळलेले असे होऊ शकते. जास्त आवळल्याने तांब्याचे पदर कापले जातात किंवा आटे झिजतात.

एका भोकात एकच वायर हा लिंकचा नियम आहे. दोन वेगळ्या जाडीच्या वायर एका स्क्रूखाली घातल्या तर जाड वायर दाब घेते आणि बारीक वायर तिच्या आडोशाने सुटी राहते. एका एमसीबीतून दुसऱ्यात वायरीचे तुकडे लावत फेज पुढे नेणे हेही त्याच कारणाने टाळावे. कंगव्याच्या दातांसारखा बसबार त्यासाठीच बनवलेला असतो.

न्यूट्रलची जोडणी

फेजची धास्ती सगळे घेतात. न्यूट्रलचा सांधा मात्र दुर्लक्षित राहतो. तो सुटला की घर बंद पडते. टेस्टर तरीही फेजवर पेटतो आणि चालू ठेवलेल्या दिव्यातून परतलेल्या न्यूट्रलवरही पेटतो. अशा वेळी टेस्टरवर विसंबून राहता येत नाही. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे दोन्ही दाब मोजावे लागतात.

तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटणे अधिक घातक असते. दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रल तुटला की एका फेजवरचा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि दुसऱ्या फेजवरची १००० वॅटची इस्त्री या ४०० व्होल्टवर एकसरीत येतात. बल्बचा रोध इस्त्रीच्या दहापट असल्याने त्याच्या वाट्याला सुमारे ३६४ व्होल्ट येतात आणि इस्त्रीला ३६ उरतात. ज्याचा भार हलका, त्याच्यावर दाब जास्त. त्यामुळेच अशा बिघाडात टीव्ही, राउटर आणि एलईडी दिवे आधी जळतात.

आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल त्याच्याच लिंकवर राहावा. पेटीत दोन आरसीसीबी असतील तर दोन लिंक लागतात. त्यांची सरमिसळ झाली की गळती नसतानाही आरसीसीबी पडू लागतो, आणि कंटाळून कोणीतरी तो वळसा घालून निकामी करतो. रंगांचीही दक्षता हवी. भारतातील तीन फेजच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे फेजचे रंग आहेत आणि काळा न्यूट्रलचा. उपकरणाच्या लवचीक दोरीत मात्र तपकिरी फेज असतो आणि निळा न्यूट्रल. निळ्या रंगाचे हे दोन अर्थ ज्याच्या ध्यानात राहत नाहीत, त्याने मोजल्याशिवाय वायर जोडू नये.

अर्थची जोडणी

अर्थच्या वायरीतून रोज प्रवाह वाहत नाही, त्यामुळे तिचा सुटलेला सांधा तापत नाही, वास येत नाही, काही बंद पडत नाही. मिक्सर किंवा फ्रिजच्या धातूच्या अंगावर फेज उतरतो त्या दिवशी तो सांधा सुटल्याचे कळते. काही जुन्या घरांत अर्थ पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेला असे. नळ प्लास्टिकचे झाले आणि ती वायर नुसती लोंबत राहिली. काही ठिकाणी प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडलेले आढळतात. अशा ठिकाणी न्यूट्रल सुटला की उपकरणाच्या अंगावरच २३० व्होल्ट येतात.

अर्थ जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत नीट पोचला असला तरी एकटा एमसीबी पुरत नाही. दोषाच्या संपूर्ण मार्गाचा रोध १० ओहम असेल, तर वाहणारा प्रवाह २३ ॲम्पिअर होतो. वर पाहिल्याप्रमाणे १६ चा एमसीबी एवढ्याला तासभरही घेऊ शकतो. आरसीसीबीला त्याच्या सातशेवा हिस्सासुद्धा पुरेसा होतो. त्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण दर तीन महिन्यांनी दाबून पाहावे. खटका पडला नाही तर तो बदलावा.

नवे भार, नवे पुरवठे

पूर्वी घरातला मोठा भार म्हणजे इस्त्री, तीही अर्धा तास. आता विजेवर चालणारी मोटारगाडी रात्रभर चार्ज होते. ३.३ किलोवॅटचा चार्जर १४ ॲम्पिअर, तर ७.४ किलोवॅटचा ३२ ॲम्पिअर प्रवाह तासनतास घेतो. जो सांधा इस्त्रीच्या अर्ध्या तासात जेमतेम कोमट होई, त्याला आता निवायला उसंतच मिळत नाही. अशा भाराला पेटीतून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चार्जरच्या उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी द्यावा. गणपतीच्या दिवसांत रोषणाईसाठी पेटीतल्या एखाद्या स्क्रूखाली कोंबलेली जादा वायर विसर्जनानंतर काढून तो स्क्रू पुन्हा आवळलेला असावा.

इन्व्हर्टरमुळे आणखी एक धोका येतो. मेन स्विच बंद केला तरी पेटीतल्या काही वायर जिवंत राहतात. त्यांच्यासाठी वेगळी लिंक ठेवावी आणि पेटीच्या झाकणावर तशी ठळक सूचना लिहावी. मेन स्विचची मीटरकडची टर्मिनल तर तो बंद असतानाही जिवंतच असतात. म्हणूनच झाकण उघडून आतले स्क्रू आवळणे हे घरमालकाचे काम नव्हे. ते परवानाधारक ठेकेदाराच्या वायरमनचे आहे.

तपासणी आणि खुणा

काम झाल्यावर वायरमनने पुरवठा बंद करून, उपकरणे सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजावे. ते किमान १ मेगओहम भरावे. त्यानंतर अर्थचे सातत्य, आरसीसीबीचा प्रतिसाद आणि शेवटी पूर्ण भारावर अर्धा तास चालवून सांध्यांचे तापमान तपासावे. औष्णिक कॅमेरा असेल तर शेजारच्या सांध्यांहून जास्त तापलेला सांधा लगेच उजळ दिसतो. नव्या पेटीतील स्क्रू पहिल्या काही महिन्यांनंतर एकदा तपासून घ्यावेत, पुढे दर दोन-तीन वर्षांनी आणि पेटीत काहीही बदलल्यावर.

घरातल्यांनी झाकण न उघडता ओळखण्याच्या खुणा थोड्याच आहेत. मिक्सर सुरू होताच दुसऱ्या खोलीतला दिवा मिचमिचणे, पेटीतून चरचर ऐकू येणे, जळक्या प्लास्टिकचा वास, एमसीबीच्या कडेला तपकिरी डाग, हात लावल्यावर एकच एमसीबी शेजाऱ्यांपेक्षा गरम लागणे, जादा भार नसताना त्याचे वारंवार पडणे. यांपैकी एक जरी दिसली तरी मेन बंद करून वायरमनला बोलवावे. पडलेला एमसीबी पुन्हा पुन्हा वर करू नये. दुरुस्ती करताना काळा पडलेला सांधा नुसता आवळून भागत नाही. तापून नरम पडलेले तांबे आणि करपलेले आवरण मागे चकचकीत तांबे लागेपर्यंत कापून टाकावे लागते, आणि ज्या एमसीबीचे टर्मिनल एकदा जळले तो एमसीबी बदलावा लागतो.